पांढरा रविवारचा, काळा रोजचा

नाव नाही सांगणार. त्यांचे पुतणे अजून सुरतेतच आहेत, आणि काकांनी प्रत्येकाला लग्नात आहेर म्हणून वस्तरा दिलेला आहे, तेव्हा कशाला उगाच. काकाच म्हणू. नानपुऱ्यातले सगळे त्यांना काकाच म्हणायचे. गुजरातीतही काकाला काकाच म्हणतात, त्यामुळे कुणाचीच सुटका नव्हती.

आमचे घरमालक ते. खाली ते, काकू आणि त्यांची मुलगी सुमनताई. वर आम्ही. मी शाळेत होते तेव्हा आम्ही त्या घरात आलो आणि टायपिंग पास होऊन नोकरीला लागले तरी तिथेच होतो, म्हणजे माझं शहाणं व्हायचं सगळं वय काकांची दाढी बघण्यात गेलं. हसू नका. तुमच्या जिन्याखाली रोज सकाळी एक माणूस घरासमोरच्या ओटल्यावर खुर्ची टाकून, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, रस्त्यावरच्या समस्त जनतेसमोर दाढी करत बसला तर तुम्हीही बघालच की.

आधी आवाज यायचा. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा बांधलेला असायचा आणि त्यावर काका वस्तरा ओढायचे. ओढायचे कसले, पट्ट्याला झोडपायचे. चटाक, चटाक, चटाक! गल्लीतली कुत्री उठायची, समोरच्या जयाबेन उठायच्या, मग आम्ही. बाबा म्हणायचे, घड्याळ विकून टाकू. काकांचं म्हणणं असं, की पट्टा वाजला नाही तर धार लागलीच नाही. "आवाज ऐका," ते रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याला सांगायचे, "हा आवाज सबंध सुरतेत दुसरीकडे मिळाला तर दाढी ठेवीन." दूधवाला बिचारा घंटी वाजवून निघून जायचा.

वस्तरे दोन. एका पारशी म्हाताऱ्याच्या घरसामानातून घेतलेले, जर्मन पोलादाचे. एकाची मूठ काळी, एकाची हाडाची, पांढरी. काळा रोजचा. पांढरा रविवारचा आणि सणावाराचा. आपण साड्यांचं करतो ना, अगदी तसं. एकदा काकूंनी चुकून सोमवारी पांढरा काढून ठेवला तर काका तसेच खुंट वाढलेले ऑफिसला गेले. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. तिथे साहेबानं विचारलं, बरं नाही का, तर म्हणाले, "घरात शिस्त राहिलेली नाही."

आता फेस. फेसाबद्दल मात्र मी त्यांची चेष्टा करणार नाही. म्हणजे करणारच आहे, पण आधी खरं सांगते. काकांसारखा फेस मी पुन्हा कुठे बघितला नाही. पितळेची वाटी, कोमट पाणी, ब्रश त्यात भिजत ठेवलेला. मग ब्रश पिळून जवळजवळ कोरडा करायचा, साबणाच्या वडीवर गोल गोल फिरवायचा, आणि पाणी थेंबाथेंबानं, बोटाच्या टोकानं, आपण वरणाला फोडणी देताना हिंगाला जपतो तसं जपून. "लोक घाई करतात," काका म्हणायचे. "पाणी ओततात! मग त्यांना ताक मिळतं. फेस श्रीखंडासारखा पाहिजे. चमचा उभा राहिला पाहिजे." आणि चमचा उभा करून दाखवायचे. काकूंच्या स्वयंपाकघरातला.

पाणी फक्त नळाचं, तापीचं. आमच्या विहिरीचं पाणी खारं, त्यात साबण फुटायचा, नुसता साका यायचा. म्हणून दाढीच्या पाण्याचा वेगळा माठ होता. त्याला झाकण होतं, झाकणावर दगड होता. काकूंच्या मावसभावानं नाशिकहून उन्हातून आल्या आल्या त्या माठातलं पाणी पिऊन टाकलं. दोन वर्षं काका त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे बोलले, तेही "तहान भागली का?" एवढंच.

आणि फेस जमला की वाटी उलटी करायची. ही त्यांची सही. वाटी सरळ कुणाच्या तरी डोक्यावर उलटी धरायची आणि म्हणायचं, "पडतोय का बघा." कधीच पडला नाही. पण तुम्ही पहिल्यांदाच घरात आलेले असाल, टोपी घालून, मुलगी बघायला, आणि मुलीचा बाप तुमच्या डोक्यावर वाटी उलटी करत असेल तर? सुमनताईचं पहिलं स्थळ असं गेलं. मुलाचे वडील टोपी सावरत उठले ते थेट स्टेशनात. फेस टिकला, स्थळ गेलं. काका संध्याकाळी बाबांना सांगत होते, "एक थेंब सांडला नाही. तुम्ही असायला हवं होतं."

केसांचं सांगायचं राहिलंच! धार बघायला त्यांना केस लागायचा. दोन बोटांत एक केस धरायचा, पात्यावर नुसता टेकवायचा, टप्पकन तुटला तर धार आहे. काकूंचे केस सगळे परीक्षेत गेले होते. मग मी सापडले. "ये गं, एक केस दे. तुझा बारीक आहे, नापास करायला बरा." मी वेणीतून एक उपटून द्यायचे आणि शाळेत जायचे. आईनं किती तेल लावलं तरी वेणी जाड होत नव्हती, आणि आई म्हणायची पाणी बदललं म्हणून.

सेफ्टी रेझर म्हणजे तर शत्रूच. बाबा ब्लेडनं दाढी करायचे, ते चोरून केल्यासारखी मोरीत दार लावून. काका माणूस ओळखायचे तो गालावरून. कुणी गेलं म्हणून पोचवायला गेले तरी परत आल्यावर सांगणार, "माणूस चांगला होता. पण शेवटची दाढी काय केलीय, हनुवटीखाली सगळं तसंच."

आणि इतकं सगळं करून, पट्टा, माठ, श्रीखंड, जर्मन पोलाद, एवढ्या तपश्चर्येनंतर फेसाखालून निघायचा तो काकांचाच चेहरा. दुसरा निघेल अशी मला रोज आशा वाटायची.

सुमनताईला स्थळं यायची आणि काका त्यांची परीक्षा घ्यायचे. काकूंच्या वातींच्या डब्यातला कापसाचा पुंजका घ्यायचा आणि मुलाच्या गालावरून हलकेच फिरवायचा. तंतू अडकला की खुंट राहिलेत. "बघा," काका मुलाच्याच बापाला दाखवायचे, "जो माणूस स्वतःच्या हनुवटीकडे लक्ष देत नाही तो माझ्या मुलीकडे काय देणार?" गालावर कापूस चिकटलेला एक इंजिनियर मी जिन्यावरून जाताना बघितलाय. त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

सुमनताई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची, कारखान्यांच्या पांडेसऱ्याच्या बाजूला. शांत. बापाच्या सगळ्या तमाशात ती दारात उभी राहायची, चेहऱ्यावर काही नाही. वर्षं जात होती, बरोबरीच्या मुलींची मुलं तिच्याच वर्गात यायला लागली होती. मला राग यायचा. मी म्हणायचे, "ताई, तू बोलत का नाहीस?" ती म्हणायची, "बोलून धार जाते." मला वाटलं काहीतरी मोठं बोलली. पण ती अक्षरशः धारेबद्दलच बोलत होती, ते मला नंतर कळलं.

शाळेच्या सुट्टीतल्या एका दुपारी मी खाली पुस्तक मागायला गेले. काका ऑफिसात, काकू झोपलेल्या. सुमनताई मोरीजवळ बसली होती, पुढ्यात पाण्यानं भिजवलेला धारेचा दगड, हातात काळा वस्तरा. दगडावर पातं सपाट टेकवून ती असं फिरवत होती की जणू दगडावर लोणी लावतेय, जोर म्हणून नाही. मग पट्टा तिनं एका हातानं ताणून धरला आणि पातं ओढलं. आवाजच नाही! टोकाला गेलं की पातं पाठीवर वळवायची, धार वर, मग परत. मी नुसती बघत राहिले.

"काका पट्टा सैल सोडतात," ती म्हणाली, मला बघून दचकलीसुद्धा नाही. "आणि वळवताना धारेवरच वळवतात. जोरात. त्या चटाकनं धार दुमडते गं. रोज सकाळी ते ती घालवतात, रोज दुपारी मी परत आणते."

"म्हणजे काका सगळ्यांना सांगतात ती 'महिनोन्‌महिने टिकणारी धार' तुझी?"

"हळू बोल."

"पण का करतेस?"

ताईनं आत झोपलेल्या काकूंकडे बघितलं. "वस्तरा ओढला की काय होतं ते तू बघितलं नाहीस. मी लहान असताना एकदा अडकला. गालाला लागलं. मग चहा थंड होता, मग मीठ जास्त होतं, मग आईचं माहेर वाईट होतं. रात्रीपर्यंत." ती पातं पुसत होती. "मी बघून बघून शिकले. तेव्हापासून घर बरं आहे."

काका तिकडे ऑफिसात सांगत असणार, माझ्या हाताची धार.

आता भास्कर. हा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात सुपरवायझर, केमिस्ट्रीचा बीएस्सी, जळगावकडचा. बहिणीच्या मुलाचं नाव घालायला सुमनताईच्या शाळेत आला, आणि मग दर आठवड्याला त्या पहिलीतल्या पोराची 'प्रगती' विचारायला यायला लागला. पोराला अजून ग म भ न येत नव्हतं, प्रगती कसली! पण प्रगती झाली. त्याच्या नखांत कायम रंग असायचा, कधी निळा, कधी राणी, त्यावरून त्या आठवड्यात बाजारात कुठली साडी चालतेय ते कळायचं. आणि कल्ले! जबड्यापर्यंत आलेले, तेव्हाच्या फॅशनचे, चांगले झुबकेदार. सुमनताईला ते आवडायचे. ती बोलली नाही, पण एकदा वर्तमानपत्रातल्या कुणाच्या तरी फोटोकडे बघत म्हणाली, "ह्याला शोभत नाहीत." म्हणजे कुणाला तरी शोभतात.

भास्कर रीतसर विचारायला आला. काकांनी कापूस फिरवला. अर्थातच पुंजका कल्ल्यांत अडकून बसला.

"काय वापरता?"

"सेफ्टी, काका."

काकांनी पुंजका सोडवून घेतला. मग म्हणाले, "पाणी?"

"पाण्याचं तुमचं बरोबर आहे," भास्कर मनापासून म्हणाला. "खाऱ्या पाण्यात आमचा रंगसुद्धा बसत नाही. आम्ही पाणी आधी मऊ करून घेतो."

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांना आठवलं की आपल्याला हा मुलगा नकोय.

खरं कारण गालावर नव्हतंच, आडनावात होतं. पण काका गणपतीत मंडळाच्या व्यासपीठावर 'जातिभेद गाडून टाका' असं भाषण दरवर्षी करायचे, उपरणं वगैरे घेऊन, आणि टाळ्या घ्यायचे. आता ते मुलीला कुठल्या तोंडानं म्हणणार, की आपल्यातला नाही? बाबांजवळ मात्र जिन्यात म्हणाले, "पांडेसऱ्याचे लोक हो. आपली मुलगी तिकडे?" आणि बाहेर येऊन दाढीवर आले. जात नको म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून गाल काढला.

अट घातली. "या ओटल्यावर, सगळ्यांसमोर. फेस माझा, वस्तरा माझा, हात तुझा. स्वतःची दाढी स्वतः करायची, कल्ल्यांसकट. रक्ताचा एक थेंब दिसला की विषय संपला. नाही दिसला तर माझी ना नाही." गणपती होऊन जाऊ दे म्हणाले, त्यानंतरच्या रविवारी. समोरून जयाबेननं सगळं ऐकलं, म्हणजे नानपुऱ्यानं ऐकलं.

रात्रभर मला झोप नाही. सुमनताई मात्र सकाळी म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर पांडेसऱ्याला चल. आईला सांग, नवीन पिक्चरला चाललोय."

भास्करची खोली कारखान्यांच्या पलीकडे. बसमधून उतरलं की नाकात रंगाचा वास, नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळं. त्याची आई खाली बसून भाजी निवडत होती. सुमनताईनं पिशवीतून काळा वस्तरा काढला (रविवारी काका पांढरा वापरतात, काळ्याची आठवण नसते), एक जुना पट्टा काढला, साबण काढला, आणि विचारलं, "वांगी आहेत का घरात?"

भरताची वांगी! त्यांच्या घरात नसतील तर कुठे असणार. तिनं एक मोठं तकतकीत वांगं घेतलं, त्याला छान फेस लावला आणि भास्करच्या हातात वस्तरा दिला. "साल निघता कामा नये. फक्त फेस. पातं गालाला, म्हणजे वांग्याला, जवळजवळ झोपवून धर. मनगट सैल. कातडी दुसऱ्या हातानं ताण."

"वांग्याची?"

"तुझी. नंतर."

पहिलं वांगं देठापासून खाली चिरलं गेलं. दुसऱ्याचा कान गेला. वांग्याला कान नसतो, मला माहीत आहे, पण त्या बाजूला कान असता तर गेला असता. त्याची आई दारात येऊन उभी राहिली.

"हाई काय करी ऱ्हायना रे तू? वांगाले दाढी कव्हय उनी?"

"परीक्षा आहे आई," भास्कर म्हणाला.

"वांगानी?"

"माझी."

म्हातारीनं सुमनताईकडे एकदा नीट बघितलं, तिच्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "पोर हिंमतवाली शे." आणि आतून आणखी वांगी आणून ठेवली.

पुढचे सगळे रविवार असेच. चिरलेली वांगी वाया कशाला घालवायची म्हणून भाजून भरीत व्हायचं, आणि आम्ही सगळे ते साबणाच्या वासाचं भरीत भाकरीबरोबर निमूट खायचो. हळूहळू वांगी शाबूत राहायला लागली. मग भास्कर गालावर आला. पहिल्या दिवशी तो पातं गालाजवळ नेऊन तिथेच थांबला, तेव्हा सुमनताई म्हणाली, "श्वास सोड, मग ओढ. मी आहे ना." मी खिडकीतून नाल्याकडे बघत बसले. आज हिरवा होता.

आणि तो रविवार आला.

ओटल्यावर खुर्ची, आरसा, माठ. बाबा, आई, काकू. समोर जयाबेन आणि त्यांच्याकडचे सगळे. भास्करची आई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली. भास्कर नवीन शर्टात, कल्ले अजून जागेवर, बळीचे बोकड दिसतात तसे. सुमनताई दारात, नेहमीसारखी.

काकांनी फेस केला. काय केला! त्या दिवशी स्वतःच्याही वरताण. आणि सवयीनं त्यांनी वाटी उचलली आणि जवळ जे डोकं होतं त्यावर उलटी धरली. ते डोकं भास्करच्या आईचं होतं. म्हातारीनं वर बघितलं, वाटी बघितली, फेस बघितला, आणि टाळी वाजवली. "पडनं नही वो माय! पुन्हा करा!"

पुन्हा करा! आजवर काकांना असं कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी पुन्हा केलं. चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता अट मागे घेतात. पण मग ते सावरले.

"आधी मी करतो. बघा आणि शिका," ते म्हणाले आणि पांढरा वस्तरा काढला. चटाक, चटाक, चटाक! लोक जमलेले म्हणून नेहमीपेक्षा जास्त. मी दाराकडे बघितलं. सुमनताई जमिनीकडे बघत होती.

पहिला हात कानाजवळून खाली. तिथेच अडकला. खर्रर्र असा आवाज आला, मला जिन्याच्या खालच्या पायरीवर ऐकू आला. काकांनी जोर दिला. आणि हनुवटीजवळ, त्या श्रीखंडासारख्या शुभ्र फेसातून, लाल रेघ उतरायला लागली.

"अरे काका, लोही नीकळे छे!" जयाबेन ओरडल्या.

"लोही नाही," काका म्हणाले, "साबणाचा रंग."

साबण पांढराच होता. काकांनी तशीच नेटानं दाढी संपवली, दोन-तीन ठिकाणी आणखी रंग आला, काकूंनी टॉवेल पुढे केला. मग भास्कर बसला. काकांनी काळा वस्तरा त्याच्यापुढे टाकला. "घे. रोजचा आहे, तुला चालेल."

भास्करनं पट्टा गजावरून ताणून धरला आणि पातं ओढलं. हळू. टोकाला पाठीवर वळवून परत. आवाज नाही.

"हे काय!" काका सगळ्यांना म्हणाले. "आवाजच नाही! वाजतच नाही!"

कुणी हसलं नाही. भास्करनं श्वास सोडला आणि ओढलं. कल्ले गेले, एक, मग दुसरा. सुमनताईनं डोळे मिटले, मला वाटतं तेवढं एकच तिला सोसवलं नाही. गाल झाले. हनुवटी झाली. मग त्यानं मान वर केली, गळ्यावर पातं ठेवलं, आणि नेमका तेव्हाच दूधवाला घंटी वाजवत गल्लीत शिरला. भास्करनं पातं उचललं. घंटी जाऊ दिली. परत ठेवलं.

तोंड धुऊन तो उभा राहिला. नवा गाल, कल्ले होते तिथे पांढुरका पट्टा. थेंब नाही. काकांनी कापूस मागितला. उजवीकडून फिरवला, डावीकडून फिरवला, हनुवटीखालून उलटा फिरवला. पुंजका जसाच्या तसा. म्हातारी म्हणाली, "काय व्हयनं? सांगा ना!"

काकांनी माझ्याकडे हात केला. मी न विचारता केस दिला. पांढऱ्या वस्तऱ्यावर टेकवला. केस वाकला. पुन्हा टेकवला, पुन्हा वाकला. मग त्यांनी काळा उचलला, नुसता टेकवला. टप्प.

काका त्या काळ्या पात्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर दाराकडे गेली, सुमनताईच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. धारेच्या दगडाची ती करडी पूड नखांत बसते, कितीही धुतली तरी. भास्करच्या नखांत रंग, तिच्या नखांत दगड. तिनं हात मागे नेले नाहीत. पहिल्यांदाच.

आणि आपल्या काकू, ज्यांचं वाक्य मी इतक्या वर्षांत "चहा ठेवू का" याच्या पलीकडे ऐकलं नव्हतं, त्या तुरटीचा खडा घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता तुरटी लावा आणि हो म्हणा."

काकांनी तुरटी लावली. झोंबली. डोळ्यांत पाणी आलं, ते तुरटीचंच होतं असं आपण धरून चालू.

"फेस माझा होता," ते शेवटी म्हणाले. "हे विसरू नका. हो."

लग्न झालं. त्या परीक्षेच्या रात्रीच मी ताईला विचारलं होतं, तू पांढऱ्याला काय केलंस? ती म्हणाली, "काहीच नाही गं. या वेळी फक्त काहीच केलं नाही."

ती पांडेसऱ्याला गेली आणि खाली नुसता चटाक राहिला. पहिल्या आठवड्यात काकांच्या गालावर वर्तमानपत्राचे तुकडे दिसायला लागले. तापीचं पाणी बिघडलं म्हणाले. साबण बदलला. साबण कंपन्या चोर म्हणाले. मग पट्ट्याला तेल लावलं, मग पट्टा बदलला, मग हवा. काकू रोज सकाळी चहा दोनदा गरम करायच्या आणि माझ्याकडे बघून हळूच हसायच्या. घाबरलेल्या नव्हत्या हो, आता नव्हत्या. एकदा तर काका मीठ जास्त आहे म्हणाले तेव्हा म्हणाल्या, "मग करा उद्या तुम्ही." काकांनी जेवण संपवलं.

मग एका रविवारी काका खुंट वाढलेले तसेच, पिशवी घेऊन, पांडेसऱ्याच्या बसला उभे. "मुलीची आठवण आली," बाबांना म्हणाले. संध्याकाळी परत आले ते भरीत घेऊन, पण वस्तरे नव्हते. विसरलो म्हणाले, तिकडेच फळीवर राहिले. पुढच्या रविवारी आणायला गेले. त्याच्या पुढच्या रविवारी परत विसरले. मग तो नेमच झाला. एका रविवारी विसरायचे, दुसऱ्या रविवारी आणायचे. ताई काही विचारायची नाही, ते काही सांगायचे नाहीत. भास्करनं मला सांगितलं, आल्यावर ते वस्तरे फळीवर ठेवतात, तिच्याकडे पाठ करून बसतात आणि त्याच्या आईच्या डोक्यावर वाटी उलटी करून दाखवतात. म्हातारी दर वेळी टाळी वाजवते.

मंडळातलं भाषण पुढच्या वर्षीही झालं. त्यात आता उदाहरण म्हणून स्वतःचं घर आलं.

मी सुरत सोडली त्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला खाली गेले तर काका ओटल्यावर. गाल असा, की कापूस घसरून पडला असता. पट्टा खिडकीला होता पण त्यांनी तो वाजवला नाही, पिशवीतून काळा वस्तरा काढला, आदल्या दिवशीच आणलेला, आणि उन्हात धरला.

"एक सांगतो, लक्षात ठेव," ते म्हणाले. "पोलादाला पांडेसऱ्याची हवा मानवते."

आणि दोन बोटं पुढे केली. मी वेणीतून एक केस काढून दिला.